म्हशीचं बटण

त्रिशलानं चपला न काढताच उंबऱ्यावर बसकण मारली आणि म्हणाली, "वन्सं, उद्यापासून कामावर येऊ नको म्हणालेत."

मी जमिनीवर पेपरांचे गठ्ठे मांडून तपासत बसले होते. उठून तिला पाणी दिलं. तिनं तांब्या तसाच हातात धरून ठेवला.

त्रिशला माझ्या धाकट्या भावाची, शांतिनाथची बायको. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षीच आमच्या तालुक्याच्या दूध संघात लागली. टँकरनं आलेलं दूध तपासायचं काम. वास, चव, फॅट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. संघात सगळे तिला मगदूमताई म्हणत, आणि कुठलाही ड्रायव्हर तिच्याशी हुज्जत घालत नसे, कारण उपयोग होत नसे. त्या बाईला घरी बसवलं होतं.

झालं होतं ते असं. संघात टँकर रिकामे करायला शेजारी शेजारी दोन डॉक होते आणि दूध आत न्यायला दोन लाइनी, एक गायीच्या दुधाची, एक म्हशीच्या. कुठल्याही डॉकवरून कुठल्याही लाइनीला दूध सोडता यायचं, पण एका लाइनीवर एका वेळी एकच टँकर. तपासणारा माणूस टँकरला पाइप जोडून घ्यायचा, नमुना बघायचा आणि त्या डॉकच्या पॅनेलवर बटण दाबायचा, गाय किंवा म्हैस. हिरवा दिवा लागला की दूध वाहायला लागायचं. जुनं पॅनेल पंधरा वर्षं कुरकुरत का होईना चाललं. शिमग्यानंतर संघानं पुण्याच्या एका कंपनीकडून नवं बसवलं, आणि तेव्हापासून अधूनमधून दोन्ही डॉक एकदम ठप्प व्हायला लागले. बटण दाबलं तरी दिवा लागायचा नाही. पॅनेलला हात लावायची परवानगी फक्त कंपनीच्या माणसाला; तो येऊन ते बंद करून पुन्हा चालू करायचा, की सगळं सुरळीत.

त्या दिवशी तो माणूस कोल्हापूरला गेला होता. वैशाखाचं ऊन, आणि दोन्ही टँकर डोंगराकडचे, जिथं वाटेत दूध थंड करायची सोय नाही. तो परत येईपर्यंत दोन्ही टँकरमधलं दूध नासलं. ते सगळं ओढ्यात सोडून द्यावं लागलं.

"आणि त्यांनी काढून दाखवलं," त्रिशला म्हणाली, "की आजवर जितक्या वेळा अडकलं, तितक्या वेळा माझीच पाळी होती. दुसऱ्या कुणाच्या पाळीत एकदाही नाही. मग चूक कुणाची?"

मी तिला विचारलं, तू काय केलंस ते पहिल्यापासून सांग. तिनं सांगितलं. म्हशीचं दूध होतं, म्हैस दाबलं. शेजारच्या डॉकवर गायीचं होतं, गाय दाबलं. दोन्हीकडं दिवा नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. एवढंच.

संध्याकाळी शांतिनाथ बाजार समितीतून आला, त्यानं ऐकून घेतलं आणि सहज बोलून गेला, घाईत काहीतरी इकडचं तिकडं झालं असेल तुझ्याकडून. त्यानंतर चार दिवस त्रिशला त्याला जेवायला वाढत होती, पण बोलत नव्हती.

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी तेव्हा गावाबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. मुंबईला जाऊन मी ज्या विषयात डॉक्टरेट घेतली होती, तो विषय घरात कुणालाच कधी समजावून सांगता आला नव्हता. एकाच वेळी चालणारी आणि एकमेकांशी बोलणारी यंत्रं असतात, त्यांचं बीजगणित. त्यात आकडे नसतात. एखादं यंत्र आधी काय करतं आणि मग काय करतं, ते टिंबं देऊन लिहायचं. अधिकचं चिन्ह म्हणजे बेरीज नव्हे. त्याचा अर्थ, इथून पुढं ही वाट किंवा ती वाट. आणि दोन यंत्रांच्या मध्ये उभी रेघ ओढली की ती दोघं शेजारी शेजारी, एकाच वेळी चालली आहेत असं समजायचं. हा विषय घेणारी मुलं वर्षाला चार-पाच. त्यातला एखादा हमखास विचारायचा, मॅडम, याचा नोकरीत उपयोग काय. लग्नाच्या बाजारात तर त्याचा उपयोग अजिबात झाला नव्हता. माझी आई जाईपर्यंत पाहुण्यांना सांगायची, पद्मजा काँप्युटर शिकवते.

दुसऱ्या दिवशी मी संघाच्या अध्यक्षांकडं गेले. आप्पासाहेब खराडे. सायकलला कॅन अडकवून दूध गोळा करण्यापासून सुरुवात केलेला माणूस, आता सत्तरीचा, पांढरा फेटा आणि जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि आधीच सांगून टाकलं की भावजय तुमची आहे म्हणून काही सवलत मागत असाल तर मिळणार नाही. शनिवारी संचालकांची बैठक आहे, तिथं काय ते ठरेल. मी म्हणाले, सवलत नको, मला ते पॅनेल कसं चालतं ते कंपनीच्या माणसाकडून समजून घ्यायचंय. यावर त्यांची काही हरकत नव्हती.

कंपनीचा माणूस म्हणजे आशिष तळवलकर, तिशीचा, बोलायला मोकळा, आपल्या कामाबद्दल अभिमान असलेला. मला तो आवडला हे कबूल करते. त्यानं काहीच लपवलं नाही. जुन्या पॅनेलच्या आणि नव्या पॅनेलच्या नोंदी त्यानं शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. पाइप जोडला, गाय, दूध गेलं. पाइप जोडला, म्हैस, दूध गेलं. जुनं पॅनेल जे जे करायचं ते सगळं नवं करतं, आणि जुनं जे करायचं नाही ते नवंही करत नाही. दोन्हींत काडीचा फरक नाही, तो म्हणाला.

मी विचारलं, "अडकलेले टँकर या नोंदींत कुठं आहेत?"

"ते कसे असतील मॅडम? पॅनेल बंद करून चालू केलं की ते पुसलं जातं. ही झालेल्या कामाची नोंद आहे."

मग मी त्याला पॅनेल आतून काय करतं ते टप्प्याटप्प्यानं विचारलं, आणि त्यानं आनंदानं सांगितलं. वेळ वाचावा म्हणून त्यानं एक युक्ती केली होती. पाइप जोडला गेला की बटणाची वाट न बघता पॅनेल जी लाइन मोकळी असेल ती त्या डॉकसाठी धरून, धुवून तयार ठेवायचं. दोन्ही मोकळ्या असतील तर आधी गायीची. नंतर बटण त्याच लाइनीचं आलं तर उत्तम, दूध लगेच सुरू. दुसऱ्या लाइनीचं आलं तर ती मिळाली की बदल करायचा. तोवर हातातली लाइन सोडायची नाही, म्हणजे धुवून तयार केलेलं वाया जात नाही.

मी घरी येताना विचार करत होते की सापडलं. जुनं पॅनेल विचारून ठरवायचं, नवं ठरवून मग विचारतंय. चहाचं आधण ठेवून मग पाहुण्याला विचारावं, चहा घेणार की सरबत, तसं. पाहुणा चहा म्हणाला तर कुणाला काही कळत नाही. दोघांच्या नोंदी सारख्याच दिसतात.

पण कॉलेजच्या रिकाम्या वर्गात फळ्यावर मांडायला घेतलं आणि माझा धीर सुटला. एक डॉक, एक पॅनेल, दोन बटणं. सगळ्या वाटा मी शेवटपर्यंत नेऊन पाहिल्या. कुठंच अडकत नव्हतं. चुकीची लाइन धरली असली तरी दुसरी मोकळीच असायची, पॅनेल निमूटपणे बदल करायचं. तळवलकरची युक्ती बरोबर होती. मी फळा पुसला, पुन्हा मांडलं, पुन्हा तेच उत्तर आलं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की शांतिनाथ म्हणतो तसं खरंच तिच्याकडून इकडचं तिकडं झालं असेल. हा विचार मला सहन झाला नाही. मी खडू ठेवून दिला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

समोरच्या मैदानात दोन ट्रॅक्टर एकमेकांना वाट देत-घेत चालले होते. मी त्यांच्याकडं बघत नव्हते, ते आपले दिसत होते. मग माझ्या लक्षात आलं की मी एकच डॉक मांडतेय. का, तर तळवलकरनं मला एकाच डॉकचं सांगितलं म्हणून. त्यानं तपासलंही एकेक डॉकच असणार. ज्या विषयात मी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, त्या विषयाची सगळी गंमत ज्या उभ्या रेघेत आहे, ती रेघच मी ओढली नव्हती.

आत आले आणि दोन डॉक लिहिले, मध्ये रेघ. फळ्याचे तिन्ही भाग भरले. वाटा इतक्या फुटायला लागल्या की काही मी भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या पाठीमागं लिहिल्या. बहुतेक सगळ्या सुखरूप शेवटाला पोचत होत्या. एक पोचली नाही. पहिल्या डॉकला पाइप जोडला, त्यानं गायीची लाइन धरली. तिकडं बटण दाबायच्या आत दुसऱ्या डॉकला पाइप जोडला, त्यानं उरलेली म्हशीची धरली. आणि मग पहिल्यावर निघालं म्हशीचं दूध, दुसऱ्यावर गायीचं. पहिला म्हशीच्या लाइनीसाठी थांबला, दुसरा गायीच्या. ज्याला जी हवी ती दुसऱ्याच्या मुठीत, आणि मूठ कुणीच उघडायची नाही. तिथून पुढं एकही पाऊल लिहिता येत नव्हतं. आमच्या गणितात अशा जागेला शून्य लिहितात. मी ते शून्य लिहिलं आणि त्याच्याकडं बघत बराच वेळ बाकावर बसून राहिले. इतकं सुंदर शून्य मी त्याआधी कधी काढलं नव्हतं.

पण एक प्रश्न उरलाच. हे कुणाच्याही पाळीत व्हायला हवं होतं. त्रिशलाच्याच का?

घरी ती भाजी निवडत होती. मी तिला विचारलं, दोन टँकर उभे असले तर तू नेमकं कसं करतेस.

"दोन्हीला पाइप जोडून घेते. दोन्हीचे नमुने काढते. शेजारी शेजारी ठेवून तपासते, म्हणजे फरक लगेच कळतो. मग बटणं."

"आणि बाकीचे?"

दुसऱ्याची तक्रार करायची तिला सवय नव्हती. "बाकीचे फाटकावरची चिठ्ठी बघतात. चिठ्ठीवर म्हैस लिहिलंय, पाइप जोडला, म्हैस दाबलं. मग दुसरा टँकर. तपासतात नंतर सावकाश." मग खाली बघत म्हणाली, "चिठ्ठीवर म्हैस असतं आणि आत गायीचं निघतं, असं मी कितीदा धरलंय. म्हणून मी आधी बटण दाबत नाही."

इतरांच्या पाळीत दुसरा पाइप जोडायच्या आत पहिलं बटण दाबलेलं असायचं, म्हणून ती वाट कधी यायचीच नाही. ती फक्त त्याच्याच पाळीत येणार होती जो दूध तपासल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं, पदर तोंडाला लावला आणि आठवडाभरात पहिल्यांदा रडली.

शनिवारच्या बैठकीत मी आप्पासाहेबांना एवढंच म्हणाले की बोलणं नंतर करू, आधी सगळे डॉकवर चला. दोन रिकाम्या टँकरमध्ये पाणी भरून ठेवायला मी आदल्या दिवशीच विनंती केली होती. संचालक, तळवलकर, संघातली माणसं, ड्रायव्हर, अशी बरीच गर्दी जमली. शांतिनाथही रजा काढून आला होता आणि मागं भिंतीला टेकून उभा होता. त्रिशला मला चिकटून उभी होती. तिनं माझा दंड धरला होता.

मी सांगितलं, "आधी मी असं करून दाखवते की पॅनेल अडकणार नाही. मग असं करते की अडकेल. आणि दर वेळी अडकेल."

तळवलकर हसून म्हणाला की मॅडम, असं सांगून अडकत असतं तर मीच शोधलं नसतं का.

त्रिशलानं पहिल्या डॉकला पाइप जोडला आणि लगेच म्हैस दाबलं. हिरवा दिवा. दुसऱ्याला पाइप जोडला, गाय दाबलं. हिरवा दिवा. दोन्हीकडून थोडं पाणी वाहू दिलं आणि पाइप काढून घेतले. कुणीतरी मागून म्हणालं, चाललंय की चांगलं. मग मी तिला म्हणाले, आता तुझ्या पद्धतीनं कर. तिनं पहिल्याला पाइप जोडला, दुसऱ्याला जोडला. दोन्हीकडून काचेच्या नळीत नमुने घेतले, पाण्याचेच, पण तिनं ते उजेडात धरून नेहमीसारखे बघितले. घाई केली नाही. मग पहिल्या डॉकवर म्हैस दाबलं. दुसऱ्यावर गाय दाबलं.

एकही दिवा लागला नाही.

पंप थांबलेले होते, त्यामुळं लांबच्या, दूध थंड करणाऱ्या चिलरचा आवाज तेवढा येत होता. तळवलकर पुढं झाला, त्यानं पॅनेल बंद करून चालू केलं, आणि या वेळी पाइप स्वतः जोडले, बटणं स्वतः दाबली. पुन्हा ठप्प. त्यानं तिसऱ्यांदा केलं. आता त्याचा चेहरा खजील नव्हता. कोड्याच्या मागं लागलेल्या मुलाचा असतो तसा झाला होता.

आप्पासाहेबांनी काठीनं पॅनेलकडं दाखवत मला विचारलं, "मॅडम, ह्ये काय झालंय त्ये आम्हाला कळंल असं सांगा."

मी सांगितलं, "पंगतीत दोन माणसं एकमेकांच्या पाटावर बसलीत. दोघंही म्हणतात, माझा पाट मोकळा झाला की मी हा सोडतो. पंगत कशी उठणार?"

म्हातारा खदखदून हसला. मग हसू आवरून तळवलकरकडं वळला आणि त्याला विचारलं की पाव्हणं, तुमचं काय म्हणणं.

तळवलकरच्या जागी दुसरा कुणी असता तर फाटे फोडत बसला असता. तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे. चूक आमच्या पॅनेलची आहे. मगदूमताईंची कधीच नव्हती."

परत येऊन माझा दंड धरून उभ्या राहिलेल्या त्रिशलाचा हात सैल झाला. मागं भिंतीशी उभा असलेला शांतिनाथ गर्दीतून वाट काढत पुढं आला. सगळ्यांच्या देखत तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी चुकलो." तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण हातातली काचेची नळी त्याच्याकडं धरायला दिली.

तळवलकर मला बाजूला घेऊन विचारत होता की शोधलं कसं, कारण दोन महिने तो स्वतः त्याच्यामागं होता. मी त्याला कॉलेजात नेलं. फळा मी पुसला नव्हता. तो कमरेवर हात ठेवून वाटा एकेक करून वाचत गेला, शून्यापाशी थांबला आणि मान हलवली. दुरुस्ती अवघड नव्हती. पॅनेलनं आधी काही धरायचंच नाही. बटण आलं की मग लाइन मागायची. त्यानं नवा आराखडा दिला, तो मी जुन्या पॅनेलच्या शेजारी मांडला. आता नुसत्या नोंदी जुळवून भागणार नव्हतं. जुनं एक पाऊल टाकेल तर नव्याला त्याला जोडीचं पाऊल टाकता आलं पाहिजे, आणि त्यानंतर दोघांपुढं सारख्याच वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. आणि हेच उलट बाजूनंही. दोन नाचणाऱ्यांना एकमेकांची पावलं जुळवायला लावावीत तसं ते काम. आम्ही दोघांनी मिळून ते शेवटपर्यंत नेलं. एकही पाऊल चुकलं नाही.

सोमवारी त्रिशला कामावर गेली. आप्पासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं नाही; ते स्वतः डॉकवर आले. पाळीची सगळी माणसं जमा केली आणि सांगितलं, "आजपास्नं सगळ्या पाळ्यांत ह्या बाई करत्यात तसंच काम हुईल. आदी दूध बघायचं, मग बटान. चिठ्ठी बघून बटान दाबलेलं मला कळलं, तर त्यानं परत डॉकवर पाय ठेवायचा न्हाई." मग त्यांनी तिलाच डॉकची प्रमुख केलं. त्याआधी त्या जागेवर कधी बाई बसली नव्हती.

मी हे बघायला मुद्दाम गेले होते. डोंगराकडचे दोन टँकर आले. तिनं दोन्हीला पाइप जोडले, दोन्हीचे नमुने घेतले. ड्रायव्हर घड्याळाकडं बघत उभे होते, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. तिनं सावकाश तपासलं, पहिल्यावर म्हैस दाबलं, दुसऱ्यावर गाय दाबलं. दोन्ही दिवे लागले आणि नळ्यांतून दूध धावत सुटल्याचा आवाज आला. कामावरच्या एका बाईनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. माझ्याही हातून वाजली. पदवी घेताना मला एवढा आनंद झाला नव्हता.

परत येताना त्रिशलानं संघाच्या दुकानातून पेढ्यांचे दोन मोठे पुडे घेतले आणि गल्लीच्या तोंडापासून वाटत सुटली. मी तिला आवरत होते, ती ऐकत नव्हती. शेजारच्या चौगुलेकाकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं की कशाचे गं, काय बातमी.

"आमच्या वन्संचं गणित बरोबर आलं," त्रिशला म्हणाली.

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गणित? ह्या वयात?"

"वयाचं काय, काकू," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. "बरोबर आलं ना."